पाटी, पाणी आणि पंगत

विषमतेविषयी बोलताना आपल्याकडे बहुधा मोठमोठ्या शब्दांचा आश्रय घेतला जातो. समता, बंधुता, माणुसकी हे शब्द सभेत शोभून दिसतात आणि त्यांस कोणी हरकतही घेत नाही. विषमता स्वतः मात्र फार लहान वस्तूंत घर करून राहते. पाण्याचा तांब्या, शाळेतील बस्कर, न्हाव्याची धोपटी, जेवणाचे पान, अशा ठिकाणी तिचे वास्तव्य असते. म्हणून एखाद्या मुलखाने तिला कसे तोंड दिले हे समजून घ्यावयाचे असेल, तर व्याख्याने घटकाभर बाजूस ठेवावी आणि या वस्तूंचाच मागोवा घ्यावा. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तो चांगला घेता येतो. हे जिल्हे आज निराळे असले तरी १९४९ पर्यंत वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडत. त्या साली दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठची ही माणसे एकाच गोतावळ्यातील आहेत, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील हकीकत समजण्यास सोपे जाईल.

साताऱ्यातील सरकारी शाळेच्या दप्तरात ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी एका मुलाचे नाव दाखल झाले. नाव भिवा रामजी आंबेडकर, इयत्ता इंग्रजी पहिली. ही शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल या नावाने चालते, आणि २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. प्रवेश मिळाला ही गोष्ट खरीच. सुभेदार रामजींचा मुलगा वर्गात बसला, पाटी-पुस्तक घेऊन शिकला, त्यास नापास कोणी केले नाही. परंतु बसावयाचे ते कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर. आणि ते गोणपाट सायंकाळी पुन्हा घरी न्यावयाचे, कारण शाळा झाडणारा गडी त्यास हात लावीत नसे. तहान लागली तर इतर मुलांनी मास्तरांस विचारून नळावर जावे आणि पाणी प्यावे. या मुलास मात्र परवानगी पुरेशी नव्हती. नळाची चावी फिरविण्यास शाळेचा शिपाई हजर असावा लागे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. घरी परटाने कपडे धुवावयाचे नाहीत, न्हाव्याने केस कापावयाचे नाहीत. ती दोन्ही कामे बहीण करी. परटास पैसे देण्याची त्या घराची ऐपत नव्हती असे नाही. पैसे घेण्यास परीट तयार नव्हता.

हे सर्व बाबासाहेबांनी स्वतःच पुढे इंग्रजीत लिहून ठेवले. ते लिखाण त्यांच्या निधनानंतर १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. त्यातील एक प्रसंग सातारा जिल्ह्यातील प्रत्येकाने वाचावा असा आहे. १९०१ सालची उन्हाळ्याची सुट्टी. वडील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे रोखपालाचे काम करीत होते. तेथे दुष्काळाने गांजलेल्या लोकांस काम मिळावे म्हणून सरकारने तलावाची खोदाई काढली होती. मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांस पत्र वेळेवर पोहोचले नव्हते, म्हणून नेण्यास कोणी आले नाही. पोरांची वेशभूषा पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागले. जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. एकही गाडीवान मुलांस गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले, ते या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे. बरोबर शिदोरी भरपूर होती, पाणी नव्हते. वाटेतील ओढ्यात चिखल आणि शेण मिसळलेले. जकातीच्या नाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. भरल्या डब्यापाशी मुले उपाशी निजली. ज्या गावी दुष्काळावर उपाय म्हणून तलाव खोदला जात होता, त्या तलावाच्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाची मुले त्या गावाच्या वाटेवर तहानेने व्याकूळ झाली. या प्रसंगावर वेगळे भाष्य करण्याचे कारण नाही.

शाळेच्या दृष्टीने मात्र त्यातून एक प्रश्न निघतो. सरकारने शाळेचा दरवाजा उघडला, अभ्यासक्रम सर्वांस एकच ठेवला, परीक्षेत भेद केला नाही. तरीही नळ बंदच राहिला. भूतदयेचा धडा वाचून दाखविणारे शिक्षक त्या शाळेतही असतील. धडा वाचून होतो, घंटा वाजते, मुले नळाकडे धावतात, आणि तेथे धड्याची सत्ता संपते. हे पुढाऱ्यांसही कळत होते. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या कराव्यात असा ठराव मांडला आणि तो संमत झाला. ठराव चांगला होता. त्याची अंमलबजावणी करण्यास महाडच्या तळ्यावर १९२७ साली हजारो लोकांस जावे लागले, यावरून ठराव आणि पाणी यांतील अंतर किती होते हे दिसते.

सातारा भागात या अंतराचा विचार जुना आहे. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण हे खटाव तालुक्यातले, आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगाव खंडाळा तालुक्यातले. जोतीरावांनी १८६८ साली पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. म्हणजे त्यांनीही पाण्यालाच हात घातला. त्यांच्या सत्यशोधक समाजाने सातारा जिल्ह्यात खोल मुळे धरली होती. त्याच वातावरणात भाऊराव पायगोंडा पाटील हा गृहस्थ वाढला.

भाऊरावांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे झाला. घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे, धर्माने जैन. लहानपणी अस्पृश्यांस पाणी घेऊ न देणाऱ्या विहिरीचा रहाट त्यांनी मोडून टाकला, असे सांगतात. कोल्हापुरास शिकत असताना अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परत आल्यावर स्नान करण्याचे त्यांनी नाकारले. त्यामुळे स्वतः राहत होते त्या वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले. इंग्रजी सहावीच्या पुढे शिक्षण झाले नाही. साताऱ्यास खासगी शिकवण्या करून पोट भरू लागले, तेव्हा लोक त्यांस पाटील मास्तर म्हणत. पुढे ओगले यांची काच आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने खेडोपाडी फिरणे झाले. मास्तर आणि नांगर विकणारा, हे दोन्ही अनुभव त्यांच्या कामात अखेरपर्यंत दिसतात. खेड्यातील शेतकऱ्यास मूल शाळेत घालावयाचे असते, पण तालुक्याच्या गावी त्यास ठेवावयाचे कोठे आणि खाऊ काय घालावयाचे, हे त्यांनी ओसरीवर बसून ऐकले होते. शाळेपेक्षा जेवणाची सोय आधी हवी, हे त्यांस पुस्तकातून कळलेले नव्हते.

सांगली भागातील दुधगाव येथे १९१० साली त्यांनी विद्यार्थी आश्रमाच्या रूपाने पहिला प्रयत्न केला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळ काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे एक वसतिगृह उभे राहिले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी तेथे आले व त्यांच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले.

या बोर्डिंगची रचना जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्या काळी वसतिगृहे पुष्कळ होती, आणि ती उपकारकही होती. परंतु मराठ्यांचे मराठ्यांसाठी, जैनांचे जैनांसाठी, अस्पृश्यांचे अस्पृश्यांसाठी, अशी त्यांची वाटणी असे. दानशूर व्यक्ती आपापल्या जातीस देणगी देत आणि जातीचा मुलगा शिके. भाऊरावांनी चूल एक ठेवली. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी मुले एका पंगतीस बसू लागली. पीठ मळणे, भाकरी थापणे, आमटी ढवळणे, पाणी भरणे, भांडी घासणे ही कामे मुलांनी पाळीने करावयाची. आता पाळी म्हटली म्हणजे आज ज्या मुलाने पाणी भरले त्याच्या हातचे पाणी सर्वांनी प्यावयाचे, आणि उद्या पिणाऱ्याने भरावयाचे. साताऱ्याच्या नळापाशी शिपाई उभा असे, तो येथे लागतच नाही. समतेचा पाठ वेगळा घ्यावा लागला नाही. वेळापत्रकातच तो बसला होता. पाळी चुकविणाऱ्या मुलास शिक्षा होई ती पाळी चुकविली म्हणून, आणि या शिक्षेत जातीचा प्रश्न उरत नसे.

दुसरा भाग श्रमाचा. मुलांनी शेतात खपावे, खडी फोडावी, इमारतीच्या बांधकामास हातभार लावावा आणि आपल्या शिक्षणाचा खर्च त्यातून काढावा, ही योजना पुढे ‘कमवा आणि शिका’ या नावाने प्रसिद्ध झाली. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीद. यात नुसती पैशाची काटकसर नव्हती. धर्मादाय अन्न खाणाऱ्या मुलाची मान नेहमी थोडी खाली राहते, हे कोणत्याही जुन्या शिक्षकास ठाऊक असते. पाटलाचा मुलगा आणि महाराचा मुलगा एकाच कुदळीने माती खणतात, तेव्हा कोण कोणाच्या उपकारात आहे हे ठरविणे कठीण होते. तसेच श्रमाचे काम खालच्याचे आणि लेखणीचे वरच्याचे, ही जी आपल्या समाजाची जुनी खोड, तिच्यावरही हा उपाय होता. या बाबतीत भाऊराव आपल्या काळातील पुष्कळ पदवीधर शिक्षणतज्ज्ञांच्या पुढे होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

या पंगतीची किंमत कोणी दिली तेही सांगितले पाहिजे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या चालीरीतीत वाढलेल्या. त्यांनी सर्व जातींच्या मुलांस आपली मुले मानले, आणि कोठीत दाणा उरला नाही तेव्हा एकेक दागिना मोडला. शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी गेले. १९३० साली त्या वारल्या. संस्थेच्या इतिहासात इमारतींची नावे पुष्कळ येतात. परंतु पहिल्या काही वर्षांत संस्था ज्या पायावर उभी राहिली तो पाया हा होता, आणि त्याचा ताळेबंद कोणत्याही वहीत मांडता आला नसता.

पुढील वाढ थोडक्यात सांगता येईल. शाळा नसलेल्या खेड्यांत व्हॉलंटरी शाळा निघाल्या. या शाळांस शिक्षक हवेत म्हणून १९३५ साली साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज स्थापन झाले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ साली कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. भाऊराव १९५९ साली वारले. आज संस्थेच्या शाखा सातशेहून अधिक आहेत. बोर्डिंगात भाकरी थापलेल्या मुलांपैकी पी. जी. पाटील हे बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. अशी उदाहरणे आणखी देता येतील.

तथापि शाळेच्या बाहेर राहिलेल्यांचाही विचार केला पाहिजे, आणि येथे कलावंतांची गोष्ट येते. ऐतवड्याच्याच वाळवा तालुक्यात वाटेगाव हे गाव आहे. तेथे १ ऑगस्ट १९२० रोजी मातंग कुटुंबात तुकाराम भाऊराव साठे या मुलाचा जन्म झाला. रयत शिक्षण संस्था तेव्हा एक वर्षाचीही झालेली नव्हती. हा मुलगा शाळेत गेला तो दीड दिवस. मास्तरांच्या वागणुकीस कंटाळून त्याने शाळा सोडली, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. त्या काळी मांग जमातीस सरकारने गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली घातले होते. १८७१ साली प्रथम आलेल्या या कायद्याने माणसाने गुन्हा करण्याची वाट पाहिली नाही. जन्म हाच पुरावा धरला. पुरुषांनी गावकामगारापुढे हजेरी द्यावी, परवानगीवाचून गाव सोडू नये, असा तो अंमल. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, तो देशभर रद्द झाला. ज्या घरातील बाप हजेरीस जातो, त्या घरातील मुलाचे नाव शाळेच्या हजेरीत टिकले नाही, यात नवल कसले?

मुलगा वडिलांबरोबर पायी मुंबईस गेला, गिरणीत राबला, दुकानांवरील पाट्या वाचून अक्षरे पक्की केली. तेच पुढे अण्णाभाऊ साठे. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. तमाशाचा साचा घेतला आणि त्यातील गण-गौळणीच्या जागी कामगार, शेतकरी, सावकार आणि भुकेलेला माणूस आणला. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फकिरा’ या कादंबरीत वारणाकाठचा एक मांग दुष्काळात उपासाने मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी लूट करतो. कायद्याने ज्यास जन्मतः चोर ठरविले, त्याची बाजू त्याच्याच गावच्या लेखकाने मांडली. ही कादंबरी त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली, आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. शाळेने ज्यास दीड दिवसात गमावले, त्याची पुस्तके आज विद्यापीठांत अभ्यासास लावली जातात. यात अभिमान वाटण्यासारखे आहे आणि शाळेने खाली पाहावे असेही आहे.

त्याच वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचा दुसरा एक कलावंत या संदर्भात आठवतो. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव. ब्राह्मण कुळ सोडून ते तमाशात गेले, महार समाजातील पवळाबाईंसह फडावर उभे राहिले, जात गमावली, हजारो लावण्या रचल्या. जातीची भिंत ओलांडण्याचे धैर्य या माणसात होते हे कोणी नाकारणार नाही. परंतु महाडच्या लढ्याच्या वेळी त्यांनी तमाशाचे उत्पन्न मदत म्हणून देऊ केले, तेव्हा आंबेडकरांनी ते घेतले नाही. महार स्त्रियांस नाचवून मिळविलेला पैसा त्यांच्या सन्मानाच्या लढ्यास नको, असे त्यांचे म्हणणे. निर्णय कठोर होता. तो योग्य होता की नाही याविषयी आजही दुमत होऊ शकेल. कलावंतांनी विषमतेवर प्रहार केला असे आपण सहज म्हणतो. कलेच्या पोटातही विषमता असते, फडाचा मालक कोण आणि नाचणारी कोण हा प्रश्न तेथेही विचारावा लागतो, हे त्या नकाराने दाखवून दिले. अण्णाभाऊंच्या तमाशात शृंगाराची सद्दी संपली, त्यामागे हीच समज असावी.

आटपाडीचे शंकरराव खरात हे तिसरे. गावकी करणाऱ्या महाराच्या घरी १९२१ साली जन्मलेला हा मुलगा शिकला, वकील झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, आणि १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. ‘तराळ-अंतराळ’ या आत्मचरित्रात वेशीबाहेरील जगाची इतकी बारीक नोंद आहे की गावगाड्यावर लिहिणाऱ्यास ते टाळता येणार नाही. शाळा आणि साहित्य येथे एकाच माणसात भेटले.

१९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच मुलखात प्रतिसरकार चालले. त्याची रेल्वे आणि खजिन्याची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. त्याने गावोगाव न्यायदान मंडळे बसविली, सावकारी व दारू यांस पायबंद घातला आणि थाटमाट व हुंडा टाकून गांधी पद्धतीचे विवाह लावले, याची आठवण मात्र कमी निघते. कर्ज काढून लग्न करणारा गरीब शेतकरी हा विषमतेचा एक खात्रीचा कारखाना असतो, ही गोष्ट त्या कार्यकर्त्यांनी ओळखली होती.

आता पुन्हा पाण्याकडे यावयाचे, कारण या मुलखात पाण्याचा प्रश्न जातीच्या पाणवठ्यावर सुटला तरी शेतावर उरला. कृष्णेच्या काठी उसाचे मळे आणि पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, खानापूर येथे छावणीत बांधलेली गुरे, हे दृश्य एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांस दिसत आले आहे. ज्याची जमीन कालव्याच्या खाली त्यास पाणी, आणि ज्यास जमीनच नाही त्यास पाणी मागण्याचाही अधिकार नाही, असा आपल्या पाटबंधाऱ्याचा हिशेब. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडी या गावच्या लोकांनी हा हिशेब बदलून पाहिला. १९८० नंतरच्या दशकात दुष्काळाने आणि गिरणी संपाने माणसे गावी परतली, तेव्हा मुक्ती संघर्ष चळवळीने डॉ. भारत पाटणकर आदींच्या पुढाकाराने विचारले की नदीतील वाळू ठेकेदार उपसून नेतो, तिचा पैसा गावास का नाही? मोठ्या झगड्यानंतर थोडी वाळू विकण्याची परवानगी मिळाली, आणि त्या पैशातून व श्रमदानातून बळीराजा स्मृती धरण बांधले गेले.

या बंधाऱ्याचे पाणी वाटताना जमिनीच्या एकरांकडे पाहावयाचे नाही, कुटुंबाकडे पाहावयाचे, असा नियम त्यांनी केला. भूमिहीनाच्या घरासही पाण्याचा वाटा. जमीन नाही तर तो पाण्याचे काय करणार, अशी शंका प्रथम ऐकताच येते. उत्तर सोपे आहे. ज्याच्याजवळ जमीन आहे पण पाणी पुरेसे नाही, त्याचे शेत हा आपला पाण्याचा हक्क घेऊन वाट्याने करू शकतो. पूर्वी तो त्या शेतावर मजूर म्हणून जाई. आता भागीदार म्हणून जातो. पाटाची चावी फिरविण्याच्या पाळीत त्याचेही नाव लागते.